ळ

सव्वाआठला पिवळी बस इंदिरानगरच्या कोपऱ्यावर वळते
आणि पगारकाकू गॅलरीतून विचारतात,
"आज सुट्टी का गं?"
दोन वर्षं झाली. रोज विचारतात.
मी हसते. रेवती खरं ते सांगते :
"नाही, आज खूप शाळा आहे."

पहिल्या महिन्यात मी वेळापत्रक केलं होतं,
चार रंगांत, पट्टीनं आखून.
दहाला मराठी, अकराला गणित,
मध्ये देवघरातली घंटा वाजवायची.
तिसऱ्या दिवशी घंटा सापडेना.
निघाली तुळशीला बांधलेली.
"वारा आला की तिची सुट्टी होते,"
अन्वय म्हणाला.
वेळापत्रकाच्या पाठीवर आता एक देवमासा आहे,
त्याच्या पोटात आमचा फ्रीज.

शंभर बेदाणे मोजायला दिले,
पिंपळगावच्या मावशीकडचे, हिरवट, लांबट.
त्र्याण्णव भरले.
बाकीचे सात?
अन्वयनं तोंड उघडून
वजाबाकी दाखवली.

बाबा नाशिकरोडला, प्रेसमध्ये,
दिवसभर नोटाच नोटा.
मग भाजीवाल्याला द्यायला आपल्याकडे
सुट्टे का नसतात?
हा धडा मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

एकदा तांबट आळीत गेलो, घागर घडताना बघायला.
वडनेरे आजोबा फारसं बोलत नाहीत.
रेवती मोठ्यानं ठोके मोजत होती,
दोनशे बारा, दोनशे तेरा,
तेव्हा हातोडी थांबवून एवढंच म्हणाले,
"मोजू नको पोरी, ऐक.
पत्रा कडक झाला की आवाज चढतो.
मग ठोकायचं नाही.
भट्टीत घालायचा, नरम होऊ द्यायचा, मग पुढचा ठोका."
तिनं वहीत घागर काढली,
घागरीला एक कान.

अन्वयला ळ येत नाही.
आळीची आली होते, बाळाचा बाल,
कावळा तर त्याच्या जिभेवर बसतच नाही.
आरशासमोर बसवलं. जीभ वळवून दाखवली.
सकाळ म्हण. सकाल.
सकाळ. सकाल.
हे किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही.

परवा दुपारी पोळ्या लाटताना
आतल्या खोलीतून ऐकू आलं.
रेवतीची शाळा भरलेली :
एक अस्वल, दोन उशा, अन्वय.
"पुन्हा म्हण. पुन्हा.
किती वेळा सांगायचं? लक्ष कुठंय तुझं?"
आणि पट्टी, टेबलावर.

कुठल्या बाईंकडून शिकली ही?
हिनं तर शाळेची पायरीही पाहिलेली नाही.

तव्यावरची पोळी करपली.

रात्री तो सेकंड शिफ्टहून आला,
गार भात कालवत बसला.
म्हटलं, मला जमत नाहीये,
जूनपासून घालू या का यांना शाळेत?
तो बराच वेळ ताटातल्या मिरचीकडे बघत राहिला.
"बघू," म्हणाला.
तेवढंच.

रविवारी गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं.
अर्धं नाशिक पूर बघायला घाटावर,
आम्हीही, भेळेच्या पुड्या घेऊन.
दुतोंड्या मारुतीच्या मांड्यांना पाणी लागलेलं.
रेवती डोळे बारीक करून म्हणाली,
"माझ्या दोन मी बुडतील तिथे."
मी काही शिकवत नव्हते. खरंच.
माझ्या हातात फक्त भेळ होती.

आणि बाबाच्या खांद्यावरून अन्वय ओरडला,
"मारुतीच्या गळ्यापर्यंत कधी येणार पाणी?"

गळ्यापर्यंत.
ळ. जाड, ओला, पुरा.

मी तोंड उघडणार,
तेवढ्यात रेवतीनं माझ्याकडे पाहिलं
आणि ओठांवर बोट ठेवलं.
पाणी खूप वाजत होतं.
आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो.

घरी आल्यावर त्यानं मागितली
पोलीच.
मी वाढली, वर तूप लावून.