गुरुवारपर्यंत

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू वाशीला काढला.
डाव्यातला येत्या गुरुवारी.
मधले दहा दिवस माझ्याकडे
दोन ऐरोल्या आहेत.

एकेक डोळा तळहातानं झाकून बघतो, पोरासारखा.
उजव्यानं खाडी निळी, शेडचे पत्रे निळे,
दुधाच्या पिशवीवरची अक्षरंसुद्धा नको इतकी निळी.
डाव्यानं सगळं, तिवरांसकट,
चहात बुडवून काढल्यागत.

एकतीस वर्षं रबाळ्याला डाइंगमध्ये होतो.
शेड पास करायचो.
उत्तरेच्या खिडकीशी कापड धरायचं,
मान तिरकी करायची, म्हणायचं: चालेल.
मी चालेल म्हटलं की ट्रक सुटायचा.

शेवटच्या वर्षी लॅबमध्ये दमयंती घरत आली.
म्हणाली, काका, हा पांढरा नाही, पिवळट मारतोय.
मी सगळ्यांसमोर म्हटलं,
तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून पांढरा बघतोय मी.
ती वहीत काहीतरी लिहीत राहिली.
लॉट गेला. लॉट परत आला.
मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा डोळा खराब.

काल ट्यूबखाली हॉलची भिंत पाहिली.
डाव्यानं मोतिया.
उजव्यानं चुन्यासारखी, अंगावर येणारी पांढरी.
कुंदाला म्हटलं, रंग उडाला वाटतं.
ती मेथी निवडत होती.
"उडेल कशाला? मोतिया सांगितला होता मी.
रंगाऱ्यानं पांढरा फासला.
तुम्ही लांब उभे राहून म्हणालात, शेड बरोबर आलाय.
आता तुम्हीच म्हणालात म्हटल्यावर..."

सात वर्षं
मी मोतिया भिंतीच्या घरात राहिलो,
ती पांढऱ्या.
वीजबिल एकच यायचं.

दमयंतीचा नंबर जुन्या डायरीत सापडला.
लावला नाही अजून.
काय सांगू? उजवा म्हणतो, तुझंच बरोबर होतं पोरी,
डाव्याला अजून पटत नाही?

डॉक्टर म्हणाले, गुरुवारनंतर दोन्ही सारखे होतील.
विचारलं, कोणासारखे?
ते हसले, थेंबांची चिठ्ठी लिहून दिली.

आज दिवेलागणीला उजवा झाकून
भिंतीसमोर बसलो होतो.
कुंदा हात पुसत आली, शेजारी टेकली.
"दिसतोय का अजून, माझा मोतिया?"
दिसतोय.
बराच वेळ ती भिंतीकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"सांगा ना. कसा दिसतो?"