मंगळवारचं करडू

निझव्याच्या आमच्या वृद्धाश्रमात
दर मंगळवारी हमूद पिकअपमधून करडू आणतो.
लिफ्टच्या दारात मी त्याला डायपर बांधते,
म्हाताऱ्यांच्याच गठ्ठ्यातला,
शेपटीपुरता कात्रीने कापलेला.
नियम म्हणजे नियम.

चार नंबरच्या खोलीतली शम्सा
सहा महिने कुणाशी बोललेली नाही.
मुलगे येतात, खजुरांचा डबा ठेवतात,
फोनमध्ये बघत बसतात, जातात.

आज करडू फरशीवर घसरलं,
चार पाय चार दिशांना,
आणि शम्साची जीभ टाळूला लागली:
टक्, टक्, हुर्र...
डोंगरावरून कळप उतरवायचा आवाज.

करडू सरळ तिच्या मांडीत.
तिची बोटं पोटाखाली चाचपडू लागली,
कास शोधत.
"अगं आई, बोकड आहे तो!"
घाईत मला मराठीच सुचलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, नीट.
मग अरबीत खडसावलं:
उपाशी ठेवलंस ना याला?
पोट बघ, पाठीला लागलंय.

मी चूक कबूल केली.
संगमेश्वरात आम्ही शेळीला
ये ये ये करतो, तेही करून पाहिलं.
करडानं ढुंकून पाहिलं नाही.
शम्सा हसली.
दात कपाटावरच्या वाटीत होते.

साडेअकराला हमूदनं हॉर्न दिला.
तोवर तिचा तापाचा तक्ता
करडानं कोपऱ्यापासून खाल्ला होता,
शनिवार, रविवार, अर्धा सोमवार.

उरलेल्या कागदावर एक रकाना होता:
रुग्ण बोलली का?
मी लिहिलं,
हो. रागावली.