अर्धा धोटा

केत्तूरहून दशरथ मल्लाव होडी घेऊन आला,
रस्त्यानं. जीपमागे ट्रेलर,
ट्रेलरवर फायबरची निळी होडी, तिच्यात लाइफ जॅकेटं
आणि एक कोंबडा. तो कोणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही.
'अक्का, सावळेश्वरच्या टोलला मी थांबलो,' म्हणाला,
'होडी थांबली नाही.'
जीपचं मागचं दार पोटात गेलेलं.

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या बंद कारखान्यात
माझं ब्रेकचं दुकान.
ट्रक येतात, टेम्पो येतात.
उसाच्या ट्रॉल्या येत नाहीत, त्यांना ब्रेकच नसतो.
होडी पहिल्यांदा आली.
चार दिवसांनी नळ येतो त्या गल्लीत होडी,
म्हणून घागरी खाली ठेवून बायकासुद्धा बघायला उभ्या.

चाक काढलं. ड्रम निघेना.
हातोडा, मग गॅसचा दिवा, पुन्हा हातोडा, मग एक शिवी.
निघाला तेव्हा आतून उजनी सांडली,
गाळ, शेवाळ, नखाएवढा शिंपला.
ग्रीसचं दूध झालेलं, सिलिंडर गंजून मुका,
ब्रेक ऑइल तिसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं.
'पाण्यात कधी उतरवतोस?'
'पोचलो की लगेच. पाहुणे घाई करतात की ओ,
रोहित उडून जातील म्हणतात.'

तापलेला ड्रम गार पाण्यात घातला
की आतली हवा आकसते आणि धरण ओढून घेते.
धापा टाकत आलेल्यानं घटाघटा पिऊ नये,
आई सांगायची. लोखंडाला कोण सांगणार.

पण एवढ्यानं ब्रेक कमी लागेल,
अजिबात लागणार नाही असं नाही.
रात्री पोरं गेल्यावर पुन्हा खाली शिरले.
या ट्रेलरला पेडल नसतं.
जीप थांबते, मागचं ओझं पुढं रेटतं,
रेट्यानं दांडा आत सरकतो,
आणि त्या रेट्याचाच ब्रेक होतो.
मला हे फार आवडलं. कोणाला सांगावं, कळेना.

दांडा सरकत नव्हता.
खाचेत काहीतरी ठोकलेलं, काळं, तेल प्यालेलं.
पकडीनं हिसकलं तर हातात आला
अर्धा धोटा. टोकाचं लोखंड अजून चकचकीत.

सकाळी दशरथ जमिनीकडे बघत राहिला.
घाटावर ट्रेलर मागं घेताना चढाला ब्रेक आपोआप लागायचे.
कोणीतरी म्हणालं, लाकूड ठोक.
भद्रावती पेठेतल्या भंगारातून जॅकखाली घालायला आणलेलं,
त्यातलं एक ठोकलं. काढायचं राहिलं.
'कधी?'
'दोन हिवाळे झाले.'

माझे नायना चार मागांवर उभे असायचे.
धोटा वेळेत पलीकडं पोचला नाही
तर माग खाडकन् थांबतो.
'माणसापेक्षा शहाणा आहे,' म्हणायचे, आणि दुसरी पाळी धरायचे.
तो तुकडा मी दिवसभर खिशात ठेवला,
ओढणीला तेल लागलं.

ड्रम काढून डिस्क बसवल्या.
पाइप स्टेनलेसचे, कॅलिपर नवे, बेअरिंगं नवी.
रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीवर एक झडप,
मागं जाताना ब्रेक तीच सोडेल.
बिल बघून दशरथ होडीत जाऊन बसला.
ठरलं, निम्मे आता, निम्मे पक्षी आल्यावर.

एमआयडीसीच्या उतारावर चाचणी घेतली.
तो जीपमध्ये, मी होडीत, वल्ह्याला धरून.
डाव्या हाताला बॉयलरची चिमणी मागं गेली, मग सूतगिरणीची भिंत.
त्यानं ब्रेक दाबला.
होडीनं पुढं जरा मान झुकवली आणि उभी राहिली.
कोंबडा तेवढा गेला पुढं.

'पाण्याकाठी पोचलास की आधी चहा पी,' मी म्हटलं,
'हात लावून बघ, ड्रम... डिस्क गार झाली की उतरव.'
'पाहुणे ओरडतील.'
'त्यांनाही पाज.'

जाताना म्हणाला, 'ते लाकूड द्या की अक्का,
चाकाला ओट लावायला होईल.'
मी त्याला दोन विटा दिल्या.