नळ कधी येतो

तीन महिन्यांत दीडशे टाक्या विकल्या,
काळ्या, हजार लिटरच्या, तीन थरांच्या,
म्हणून कंपनीनं सिंगापूर दाखवलं.
पाच दिवस, चार रात्री, जोडप्यानं.

विमानात देगलूरचे मुंढेकर होते,
अहमदपूरचे शेख बंधू, बायकापोरांसकट,
आणि प्रत्येकाच्या पिशवीत धपाटे.
पुष्पलतानं आमचे तीस मोजून घेतलेले.
शेंगदाण्याची चटणी तीन कॅरीबॅगांत गुंडाळली
तरी तेल पासपोर्टला लागलंच.

आता दुकानात जो येतो तो विचारतो,
काय बघून आलास?
काय सांगू. सगळं नीट होतं.
पाऊस दुपारी यायचा, धो धो,
अर्ध्या तासात आवरून जायचा
आणि मागं डबकं ठेवायचा नाही.
मी डबकं शोधत राहिलो.
काचेच्या इमारतींकडं पाठ करून
फुटपाथच्या जाळीत वाकून पाहिलं :
पाईप केवढा, उतार किती.
'लोक बघालेत, उठा,' पुष्पलता म्हणाली.

पाण्याची बाटली दोन डॉलरला.
मुंढेकर डॉलरचे रुपये करायचे
आणि तहान पुढं ढकलायचे.
तिसऱ्या दिवशी गाईडनं,
कयलविळी नावाची तमिळ पोरगी,
हॉटेलच्या नळाखाली ग्लास धरला
आणि आमच्यादेखत घटाघटा प्याली.

मुंढेकर म्हणाले, 'इचारा बरं तिला,
हितं नळ कधी येतो?'
धाकट्या शेखनं त्याचं इंग्रजी केलं.
ती नळाकडं बघायला लागली.
'नळ येतो? कुठून?'

आम्ही सव्वीस माणसं. निम्मी तरी पाण्याच्या धंद्यातली.
आठव्या दिवशी, बाराव्या दिवशी, रात्रीअपरात्री
ज्याचं येणं ऐकत मोठे झालो
ते 'येणं' तिला समजावता येईना.

मग तिनं सांगितलं,
थोडं पाणी शेजारच्या देशातून विकत येतं,
थोडं आभाळातलं,
आणि थोडं आपणच वापरून सोडलेलं, धुऊन परत.
पुष्पलतानं ओठाला लावलेला ग्लास खाली ठेवला.
मग उचलला. प्याली.
'लागत नाही काही,' म्हणाली.

त्या रात्री चौदाव्या मजल्यावर झोप लागेना.
मनाशी हिशेब मांडला :
उदगीरला नळ रोज आला असता
तर टाक्या कुणी घेतल्या असत्या,
आणि मग मी इथं कशाला आलो असतो.
खाली समुद्रात जहाजांचे दिवे, ओळीनं,
गल्लीत घागरी लावाव्यात तसे.
हिशेब तिथंच सोडला.
पुष्पलताला सांगितला नाही.

येताना एक बाटली त्या नळाची भरून आणली,
बॅगेत साड्यांच्या मधे.
चॉकलेटं संपली दोन दिवसांत.
बाटली काऊंटरवर, बॉल व्हॉल्वच्या डब्यांशेजारी.
येणारा हातात घेऊन उजेडात धरायचा,
झाकण कुणी उघडलं नाही.

चैताच्या दुपारी नजीर मिस्त्री आला,
जळकी मोटर खांद्यावर, घामानं निथळत,
आणि मी पावती फाडेपर्यंत
सिंगापूर अख्खं पिऊन बसला.
'क्या सेठ,' म्हणाला, 'इसमें मजा हइच नईं.'
आणि माठाकडं गेला.

काल रात्री पावणेदोनला नळ आला.
आधी नुसती हवा, म्हातारं खोकावं तशी,
मग गढूळ,
मग एकदम जोर.
गल्लीत लाईट लागले, कड्या वाजल्या,
कुणाची तरी मोटर घुरघुरली,
'आलं वो, आलं!' वरच्या आळीला निरोप गेला.
पुष्पलता केस बांधत बाहेर आली,
नळीचं तोंड हौदात सोडलं
आणि त्या पोरीच्या आवाजात, मान तशीच वाकडी करून,
नळालाच म्हणाली,
'येतो? कुठून?'

हसता हसता तिच्या हातून नळी सुटली,
पाणी अंगणभर.
मी ओरडलो, पाणी चाललं, पाणी,
आणि शिडीनं गच्चीवर गेलो.
आमची टाकी अजून सिमेंटचीच आहे.
झाकण जड आहे तिचं.