चौदा मिनिटं कूलर बंद

नवतप्याचा सहावा दिवस.
गोरेवाड्याच्या पलीकडे, वलनीच्या रस्त्याला
आमचं तारांचं शेत उभं आहे उन्हात.
चौसष्ट ओळी, बांबूंवर ताणलेल्या,
एकीवरही कावळा नाही.

मी फाटक ओलांडून मनिराम उईकेंच्या दारी जाते.
रोज जाते. रोज कालच्यापेक्षा चार मिनिटं आधी,
कारण तारे सूर्याच्या घड्याळाने चालत नाहीत.
"काका, कूलर."
ते उठतात, खटका पाडतात.
खसाच्या जाळीतली टपटप थांबते,
पंखा आणखी दहा-बारा फेरे घेतो सवयीने,
आणि शेचाळीस अंश
उंबरा ओलांडून आत येऊन बसतात,
पाणी मागत नाहीत, उठतही नाहीत.

शहरातले बाकीचे लाख कूलर
लांबून नुसते घरघरतात, त्यांचं सोसतं.
हा एकच, भिंतीपलीकडचा,
माझ्या रिसीव्हरमध्ये लाह्यांसारखा फुटतो.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं,
"मंजे आमचा वारा बंद करून
तुमी सूर्याचा वारा पाहान?"
हो म्हणताना मला लाज वाटली होती.

पाहायचं म्हणजे तरी काय?
तिथे ना पान हलतं, ना धूळ उडते.
म्हणून त्या वाऱ्यापल्याडचा एक दिवा धरायचा,
सूर्याच्या जरा पूर्वेला,
इतका लांब की सुईच्या टोकाएवढा उरलेला.
त्याच्या आपल्यामधून सूर्याचा वारा गेला
की तो थरथरतो.
मोठे, पसरट दिवे ढिम्म राहतात.
बारीक आहे त्यालाच कळतं काही गेलं ते.

हे मी बऱ्याच अडखळत सांगितलं.
काका म्हणाले, "खाणीत आमी दुसरं काय करो?
वलनीच्या खाली वारा दिसत नाई बाई.
बत्तीची वात पाहो.
वात इकडे झुकली का समजो, वारा तिकडून हाय."
आणि त्यांनी करंगळी उभी धरून
किंचित वाकवली.
माझ्या सहा वर्षांच्या शिक्षणाला
एवढं सोपं वाकता आलं नव्हतं.

एक वाजून बावीस.
रेघ थरथरू लागते.
तिकडे साकोलीला छाया कापगतेसमोर
हीच थरथर पोचते पाव सेकंद उशिरा.
ती तिची रेघ पाठवते, मी माझ्यावर ठेवते,
सरकवते, जुळेपर्यंत सरकवते.
पाव सेकंद म्हणजे रोजचा वारा,
सेकंदाला चारशे किलोमीटर,
चार दिवसांत पृथ्वीवर.

आज पाव नाही भरत.
पुन्हा सरकवते. छाया फोनवर म्हणते,
"माझं घड्याळ बरोबर आहे, दोनदा पाहिलं."
आज आदपाव.
दुप्पट वेग.
म्हणजे परवाच.

कुणाकुणाला कळवता कळवता
चौदाची चाळीस मिनिटं झाली.
आठवलं तशी धावले.
काका अंधाऱ्या खोलीत
ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसलेले,
खटका अजून खालीच.
"तुमी चालू कर म्हणाल्या नाई ना."

मी सांगितलं: वारा वाढलाय काका. परवा पोचेल.
"मंग काय होईल?"
इथं? नागपुरात?
होकायंत्राची सुई केसभर हलेल.
कुणाला कळणार नाही.

त्यांनी दुपट्टा पिळला.
पाणी फरशीवर पडलं आणि बघता बघता वाळलं.
"आमी बी वरतं सांगो, वात झुकली मनून.
दहातून नऊ डाव काईच होये नाई.
पण सांगाच लागे."

मग त्यांनी खटका वर केला.
पहिला झोत गरमच येतो,
खस भिजेपर्यंत.
आम्ही दोघं त्याच्यासमोर उभे राहिलो.