आत माणूस आहे

हात वर गेला होता आणि तिथेच राहिला,
पंख्याखाली, माझाच हात, बांगडीसकट.
गार्गीनं डोळे गच्च मिटून घेतले.
नऊ वर्षांची आहे.
कारण काय, ते आता नीट सांगताही येणार नाही,
वहीवर दूध सांडलं एवढंच असेल,
त्याच्यामागे सलग दोन शिफ्ट, संपलेला गॅस,
आणि तिचं ते "बाबा असते तर".

मी मूठ वळली, ओठांना टेकवली, म्हटलं,
टॅम्प्लीज.
बेचाळीस वर्षांची बाई, पवननगर, तिसरा मजला.
दार लोटून जिन्यात येऊन बसले.

एकलहऱ्याच्या कॉलनीत याचे कायदे होते.
वाळत घातलेल्या कपड्यांवर प्लांटची राख पडायची
आणि आम्ही खाली विषामृत खेळायचो.
विष लागलं की पुतळा व्हायचं,
कुणीतरी शिवून अमृत म्हणेपर्यंत हलायचं नाही.
टॅम्प्लीजचं तसं नव्हतं, ते आपलं आपण घ्यायचं.
चप्पल तुटली, गुडघा फुटला, जोराची लागली,
किंवा नुसतंच रडू येतंय आणि दिसायला नको.
मूठ ओठांवर आहे तोवर कुणी शिवत नसे,
दांडगटातला दांडगटसुद्धा.
पण घरी जायचं नाही.
आणि परत यायचं ते जिथून सुटलो तिथेच,
त्याच फरशीवर, ज्याच्यावर राज्य आहे त्याच्यासमोर.

शाहीन तांबोळी पाणी प्यायला म्हणून गेली
आणि त्यांच्या क्वार्टरसमोर ट्रक उभा होता.
वडिलांची बदली, कोराडी.
भोंगा होईस्तोवर आम्ही तिची फरशी राखून ठेवली.
नियमाप्रमाणे ती अजून आउट नाही.

गार्गीचे बाबाही म्हणाले होते, मला जरा वेळ दे.
तेव्हा आषाढ होता. आता माघ चालू आहे.
त्यांना आमच्या कॉलनीतले कायदे
कुणी सांगितले नसतील.

अंबडला मी पॉवर प्रेसवर लागले
त्या पहिल्याच दिवशी सांगळे फोरमननं शिकवलं:
डायमध्ये काही अडकलं तर आधी वीज तोडायची,
स्विचला आपलं कुलूप, किल्ली आपल्याच खिशात,
आणि वर लाल पाटी:
आत माणूस आहे, चालू करू नये.
मग घालायचा हात.
"आणि प्रॉडक्शन?" मी विचारलं.
त्यांनी उजवा पंजा पुढे केला. त्यात तीन बोटं होती.

मोहाडीचा मामाही हेच सांगतो, त्याच्या भाषेत.
माल उतरला की वेलीला महिनाभर पडू दे तशीच,
लगेच कात्री लावलीस तर काड्या येतील पोत्यानं,
घड येणार नाहीत.

हे सगळं मला जिन्यात सुचलं असं मात्र नाही.
जिन्यात मला फक्त माझे गुडघे दिसत होते
आणि मी रडत होते की धापा टाकत होते
तेही कळत नव्हतं.
वरच्या मजल्यावरच्या बोरस्तेबाई मेथीची जुडी घेऊन आल्या,
म्हणाल्या, "किल्ली विसरलीस का गं?"
मी हो म्हटलं.
जिन्याच्या जाळीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो,
काळा, जागचा न हललेला.
मी बोटं मोजली. दहा होती.
तो हात परत माझ्या मनगटाला येऊन लागल्यासारखा वाटला
तेव्हा उठले.

दार किलकिलं केलं. फरशी पुसलेली होती,
वाकडीतिकडी, माझ्या चांगल्या टॉवेलनं.
ती त्याच जागी उभी, टेबलाच्या कोपऱ्याशी.
"झालं माझं," मी म्हटलं.
तिनं मान हलवली.
तिची मूठ तिच्या ओठांवर होती.

मी तिथेच उंबऱ्यात खाली बसले.
घड्याळाकडे पाहिलं नाही.
राज्य माझ्यावर आहे.