जास्तीचे दहा रुपये

एमवायच्या ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं,
हा अंगठा तर्जनीवर असा कधीपासून फिरतो?
मंदा माझ्याआधी बोलली : चौतीस वर्षं.
खोटं नव्हतं ते. रामबाग शाखा, खिडकी नंबर दोन,
ओल्या स्पंजला बोट लावून नोटा मोजायचो,
गड्डीत एक कमी असली
तर अंगठ्याला माझ्याआधी कळायचं.
अजून मोजतोच आहे तो,
टीव्हीसमोर, देवळात, व्याह्यांच्या तेराव्यालाही.
गड्डी तेवढी कुणी दिलेली नाही.

चेहऱ्याचं म्हणाल तर
काउंटरवर लावायचो ना 'भोजनावकाश'ची पाटी,
तीच. कायमची.
आत मी हसत असतो. नातीला ठाऊक आहे,
ती पाटीमागे डोकावून बघते.

दाराशी पाय चिकटतात.
बाहेर दूधवाला, आत मी,
मधला उंबरठा म्हणजे दुथडी नर्मदा.
फिजिओवाली मुलगी म्हणाली, काका,
जमिनीवर रंगीत टेप लावा, पाय आपोआप ओलांडतो.
टेप कशाला, म्हणत मंदाने
रांगोळीची एक आडवी रेघ ओढली.
आणि उचलला की पाय!
चौतीस वर्षं हिची रांगोळी ओलांडून बँकेत गेलो,
एकदाही खाली न बघता.

मग एका दुपारी, ती झोपलेली असताना,
चिमूट मी घेतली.
अंगठा तोच, तर्जनी तीच, चालही तीच,
फक्त आता बोटांतून काहीतरी पडत होतं.

गोळीनंतर तासाभरात काढला तर मोर,
गोळी उतरल्यावर काढला तर कोंबडा.
शेजारी दोन्हींना छान म्हणतात, त्यात काय.

गुरुवारी आम्ही सगळे थरथरणारे एकत्र जमतो.
तिथे बाणगंगेचा जगदीश येतो,
लोडिंग रिक्षा होती त्याची, विकली.
एका गोळीचे चार तुकडे करतो आणि दोन दिवस पुरवतो,
हे त्याने सांगितलं नाही,
खिशातून ब्लेड पडलं म्हणून कळलं.

तेव्हा राजेंद्र नगरचा हॉल घेतला एका रविवारी.
दारावर लिहिलं : तुमचं नाव रांगोळीत, शंभर रुपये.
खाली लिहिलं : संध्याकाळी पुसलं जाईल.
जगदीश रंगांची थाळी धरून माझ्या बाजूला.
ओम नावाचा पोरगा म्हणाला,
अंकल, मेरा नाम तो छोटा है, पचास में कर दो.
म्हटलं, भिया, बँकेत घासाघीस नसते.
त्याच्या ओमला गुलाबी शेपूट फुटलं,
कुणाच्या हातून, माझ्या की जगदीशच्या,
त्यावर आमचं अजून एकमत नाही.

हेमांगिनी खासगीवाले यांचा 'हे' परातीएवढा,
'वाले'पर्यंत पोचेतो मुंग्यांची रांग.
अक्षर असंच आटत जातं या दुखण्यात.
बाई भांडल्या, सासऱ्यांचं आडनाव का आखडलंत?
आणि दुसरे शंभर काढून म्हणाल्या,
आता शेवटाकडून सुरू करा.

रात्री पेटी उघडली.
काम मिळालं की हा हात शांत होतो,
डॉक्टरही मानतात. स्पंज नव्हता, वाटीत पाणी घेतलं.
पावत्या बेचाळीस. रोकड चार हजार दोनशे दहा.
पुन्हा मोजली. पुन्हा दहा जास्त.
चौतीस वर्षांत कमी पडले की खिशातून भरायचो,
जास्त निघाले की सस्पेन्स खात्यात टाकायचो.
हे कुठे टाकू?
दहाची नोट, विड्यासारखी घडी, एका कोपऱ्यावर हळद.
आला असेल कुणी, पाटी वाचली असेल,
नाव न सांगताच गेला असेल.

मंदा झाडू घेऊन उभी होती.
थांब म्हटलं.
खाली बसवायला ती आणि जगदीश, दोघं लागले.
मुंग्यांच्या रांगेशेजारी एक ठिपका टाकला.
तोही वाकडा आला.
ठिपका वाकडा कसा येईल, विचाराल. येतो.

दहाची गोळी राहिली ना, मंदा म्हणाली.
घेतो. आधी उठवा तरी.